आयलर्टची तार

नॉर्वेभर शोधलंत तरी बोटींच्या वायरिंगचा असा कारागीर मिळणार नाही, असं हेस्टॉय बेटावर सगळे म्हणत. सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा तो स्वतः आर्नफिन. हात सोन्याचे, हे खरंच; पण जीभ! दुसऱ्याचं काम दिसलं की यानं नाक मुरडलंच म्हणून समजा.

त्या मे महिन्यात सोल्ब्योर्गबाईंची लाकडी बोट त्याच्याकडे आली. बाई एक्याऐंशीच्या, नवरा आयलर्ट जाऊन दोन वर्षं झालेली. पोटात इंजिन असलेली ती चाळीस वर्षांची बोट, आतल्या तारा खाऱ्या हवेनं हिरव्या पडलेल्या. मुलगा ओडवार बोडो शहरात राहायचा आणि दर फोनला त्याचं एकच पालुपद, "आई, आता इकडे ये." बाईंचं उत्तरही ठरलेलं, "बोट चालवता येतेय तोवर नाही."

आर्नफिननं तारांचा सगळा जुना जुडगा उपसून काढला. त्यात एक बारीक तार निघाली, मेन स्विचला वळसा घालून थेट बॅटरीवर गेलेली.

"काय हो काकू, ही चोरवाट कशाला? आयलर्टकाका मासेमारीत वाघ होते, पण वायरिंग म्हणजे काय जाळं विणणं आहे?"

"त्यांनी काहीतरी विचार करूनच घातली असेल रे."

"विचार! बोटीला आग लावायचा विचार!"

आणि त्यानं ती कचकन तोडली. तळाचं पाणी आपोआप उपसणारा पंप त्या तारेवर होता, तो त्यानं नव्या पॅनेलवर, मेन स्विचच्या पुढे जोडला. काम असं देखणं झालं की धक्क्यावरची माणसं वाकून वाकून बघून गेली.

अहो, अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! धक्क्यावर एकदा बोट जळाली होती, तेव्हापासून या बेटावर उतरताना जो तो मेन स्विच बंद करतो. शेंबडं पोरही करतं. बाईही करायच्या. म्हणजे बाई उतरल्या की पंप मेला. आणि लाकडी बोट म्हटली की थोडं पाणी झिरपायचंच. पुढे बाई सर्दीतापानं आठवडाभर घरात पडून राहिल्या, आणि बोट धक्क्याशी बांधल्या जागी बुडाली.

सगळं बेट धावलं. कुणाचीही बोट असो, तिथली रीतच तशी. दोर आले, पंप आले, थर्मासातून कॉफी आली. दुपारपर्यंत बोट वर. आर्नफिन आत उतरला. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारी तोटी, जी उघडी राहिली की बोट भरते, ती घट्ट बंद होती. मग त्याची नजर पंपाच्या तारेवरून सरकत मेन स्विचवर गेली, आणि आयलर्टनं ती चोरवाट कशाला ठेवली होती ते त्याला कळलं.

"काय रे, तोटी उघडी राहिली होती का?" वरून कुणीतरी ओरडलं.

"आता... सांगता येत नाही."

मेल्याला "बंद होती" एवढं म्हणायला काय झालं होतं? वर बाई उभ्या होत्या. "मीच विसरले असणार," त्या म्हणाल्या. "तुझ्या एवढ्या सुंदर कामाची मी माती केली रे, आर्नफिन. माफ कर मला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तरी तोंड उघडलं नाही.

त्यानं इंजिन फुकट दुरुस्त केलं. आयलर्टची तार होती तशी गुपचूप परत जोडली. लोक म्हणाले, "माणूस असावा तर असा!" ते ऐकून त्याला स्वतःची किळस यायची. आणि दुकानातल्या रांगेत बोलणं चालायचं की सोल्ब्योर्गचं डोकं आता ठिकाणावर नाही. बाईंनाही ते पटलं. शेगडी बंद आहे ना, हे बघायला त्या दहादा उठायच्या. आर्नफिन इंजिनाचं सांगायला गेला की त्याला वॅफल वाढायच्या, आणि तो मान खाली घालून खायचा.

तीन आठवड्यांनी ओडवार आला. बाईंसाठी शहरातलं घर ठरलं होतं. बाईंनी आर्नफिनला घरी बोलावून बोटीची किल्ली टेबलावरून त्याच्याकडे सरकवली. "तूच विकून टाक. माझा तुझ्यावर विश्वास आहे."

किल्लीला हात लावायची त्याची छाती होईना.

"काकू, तोटी बंद होती. मी पंपाची तार तोडली, म्हणून बोट बुडाली. मला त्याच दिवशी कळलं होतं."



"तीन आठवडे मी स्वतःला वेडी समजत होते. आणि तू इथं, समोर बसून, खात होतास?"

"हो. लाज वाटते मला, काकू."

"वाटायलाच हवी."

ओडवार मध्ये बोलला, "तरीपण आई, तुझं वय—"

"तू गप्प बस!" बाईंनी किल्ली उचलून खिशात टाकली. मग आर्नफिनला म्हणाल्या, "दुकान पाचला बंद होतं. मी वेडी झाले हे तिथंच ठरलं ना? जा, तिथंच सांग."

"उद्या सकाळी जातो, काकू."

"आज."

दुकानात सहा माणसं रांगेत होती. आर्नफिननं टोपी काढली आणि सगळं सांगितलं. कान तापून लाल झाले होते त्याचे. मग रांगेच्या टोकाच्या बहिऱ्या म्हाताऱ्यानं शेजारच्याला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

शेजारचा म्हणाला, "त्यालाच सांगू दे." आणि आर्नफिननं पुन्हा, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात, सगळं सांगितलं.