भरलेली पिंपं

ती विहीर आजही डोळ्यांपुढून हलत नाही. ऐंशीच्या दशकात मी मालाडला फौजदार होतो. आमच्या हद्दीतल्या एका जुन्या गावठाणात नळ नुसता गुरगुरायचा, पाणी विहिरीचंच. पण विहीर वरच्या आळीची. खालच्या वस्तीत कोकणातून आलेली, गिरणीत राबणारी बौद्ध कुटुंबं राहत. त्यांच्या बायकांनी कळशी घेऊन लांब उभं राहायचं आणि वरच्या आळीतल्या कुणीतरी वरून पाणी ओतायचं, असा रिवाज. मुंबईत! मला तो ठाऊक होता. लेखी तक्रार नाही, म्हणून गप्प होतो.

वस्तीतल्या एका मुलीने हा रिवाज मोडायचं ठरवलं. तिचं नर्सिंग पुरं झालं होतं, रुग्णालयात नेमणूकही ठरली होती. फक्त पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा अहवाल जायचा होता. तिने सह्या गोळा केल्या, वॉर्ड ऑफिसात अर्ज दिले आणि अखेर जाहीर केलं, की रविवारी सकाळी आमच्या बायका स्वतः विहिरीत पोहरा सोडतील.

रविवारी उजाडलं तर विहिरीत रॉकेल. ठाण्यात निनावी फोन आला, "त्या नर्सबाईच्या मोरीमागं डबा बघा." डबा मिळाला. कायद्याला परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात, ते वरच्या आळीतून बोलावले, पंचनामा केला, मुलीला अटक केली. दुपारच्या आत गुन्हा उघड, असं स्टेशन डायरीत मीच ऐटीत लिहिलं.

चौकशीत ती रडली नाही. "साहेब, ज्या पाण्यासाठी सहा महिने भांडले, त्यातच रॉकेल ओतीन काय मी?"

"असं सगळेच म्हणतात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला वरच्या आळीत गेलो. उन्हाने जीव कासावीस झालेला. एका म्हातारीने तांब्या पुढे केला. पाणी चांगलं गोड. विहीर तर नासलेली, मग हे कुठलं? आत डोकावलो. हंडा, पिंप, एवढंच काय, भाताचा टोपसुद्धा काठोकाठ भरलेला.

"आजी, कधी भरलंत एवढं?"

"परवा सांजच्यालाच. पोरगा बोलला, उद्यापासून विहिरीचं नाय मिळायचं, सगळं भरून ठेव."

घरोघर फिरलो. प्रत्येक घरी तेच. खालच्या वस्तीत मात्र हंडे पालथे. चोर सोडून मी संन्याशाला सुळी दिलं होतं.

म्हातारीचा मुलगा आळीचा पुढारी. ठाण्यात आणला, तर अर्ध्या तासात कबूल. "ओतलं. डबा पण मीच ठेवला. आमच्या आजोबाने खणलेली विहीर. बाटण्यापेक्षा नासलेली बरी. पण साहेब, तुमच्यासमोर बोललेलं कोर्टात चालत नाय, ते मला पण माहितीये."

खरंच होतं ते. साक्षीदार हवा होता. आजी म्हणाली, "मी काय बोललेच नाय." आळीत दुसऱ्या कुणीही तोंड उघडलं नाही. तो सुटला. पालिकेने विहिरीवर स्लॅब टाकून ती कायमची बंद केली.

मुलीला मी सोडलं. पण पडताळणीच्या फॉर्मात रकाना होता : पूर्वी अटक झाली आहे काय? मला 'होय' लिहावं लागलं. खाली चार ओळींत ती निर्दोष असल्याचं लिहिलं, वरिष्ठांना भेटलो, हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. त्या चार ओळी कुणी वाचल्या नसाव्यात. तिची नेमणूक रद्द झाली.

रद्द केल्याचा तो कागद घेऊन ती ठाण्यात आली. मला मान वर करवेना.

"माझं चुकलं, बाई. पण तेव्हा मला कसं कळणार होतं?"

"साहेब, डबा सापडला तेव्हा आमची चाळीस माणसं तिथंच उभी होती ना? मग पंच वरनं का बोलावलेत?"

खालच्या वस्तीत कुणी प्रतिष्ठित माणूस असेल, हे मला सुचलंच नव्हतं. पुढे निवृत्तीपर्यंत पंच बोलावताना मी आधी आजूबाजूला नीट पाहून घेत असे. तिला त्याचा काही उपयोग नव्हता.