दिवसा सांगितलेली गोष्ट

तुरीच्या खळ्यावर बायका किती मागं लागायच्या! "सांग की बाणूअक्का, हात तरी झरझर चालतील." पण बाणूबाई दिवसा गोष्ट सांगेल तर शपथ. "लेकरायचे मामे वाटंवर हायत गं," ती म्हणायची. "कुणाचा मामा वाट चुकला तर काय तोंड दाखवू मी?" दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्या लेकराचा मामा वाट चुकतो, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुबलगुंडी गावातल्या बाकीच्या बायका ते हसण्यावारी न्यायच्या. बाणूबाईला ते जमत नसे, आणि त्याला कारण होतं.

तिची रेणू लहान असताना तापानं फणफणली होती. भर दुपारी पोरीनं हट्ट धरला, गोष्टच सांग. बाणूबाईचं काळीज पाघळलं आणि तिनं सांगितली. नेमका त्याच आठवड्यात तिचा भाऊ अंबाजी, म्हणजे रेणूचा मामा, मेंढरं घेऊन चिंचोळीच्या रानात गेला तो हरवला. महिन्यानं आला. मेंढरं नाहीत, कुत्रं नाही, आणि अंगात असा ताप की त्या सालात तो गेलाच. आता मेंढरं काय चोरीला जात नाहीत? माणसं काय आजारी पडत नाहीत? पण हे बाणूबाईला सांगून बघा! दगडाला सांगितलेलं बरं. भाऊ आपल्याच तोंडानं गेला असं तिनं मनाशी पक्कं धरलं, आणि त्यानंतर उन्हात तिच्या तोंडून कुणी गोष्ट ऐकली नाही.

दिवे लागले की मात्र तिला आवरणं मुश्कील. आणि सांगायची ती एकच गोष्ट. तिच्या मायकडून आलेली, मेंढरामागं फिरणाऱ्या बायांची. दुसऱ्या कुणाच्या तोंडी ती कधी ऐकली नाही कुणी.

एक होती धनगराची पोर. तिला डोंगरापल्याड दिली. नवरा लोकांत माणूस, उंबऱ्याच्या आत राक्षस. पोरीजवळ माहेरची एक काळी घोंगडी, मायनं कातलेल्या लोकरीची. पाण्याला गेली की ती घोंगडीचा एक धागा उसवायची आणि माहेरच्या दिशेनं एखाद्या झुडपाला बांधायची. राक्षस तो जाळायचा, ती दुसऱ्या वाटेनं जाऊन पुन्हा बांधायची. घोंगडी विरत गेली, पोर थंडीनं कुडकुडत गेली. शेवटी मेंढरामागं फिरणाऱ्या भावाला बाभळीवर एक धागा दिसला. त्यानं तो बोटात धरून बघितला आणि म्हणाला, ही तर माझ्या मायची कताई! धाग्यामागून धागा धरत तो निघाला, आणि अंगावर शेवटचा धागा उरला त्या दिवशी बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला.

बस्स, एवढीच. पण रेणूला एवढ्यावर समाधान कुठलं! रोज नवं काढायची. "माय, आज पोलिसाची कर." मग भाऊ व्हायचा फौजदार, धागे जायचे पुराव्याच्या पिशवीत, आणि राक्षस कोठडीत रडायचा, "साहेब, मी तर माळकरी हाय हो!" कधी हसायची गोष्ट हवी असायची. मग भाऊ सगळा कळपच राक्षसाच्या घरात घुसवायचा आणि मेंढरं राक्षसाचं धोतर खाऊन टाकायची. कधी टीव्हीवरल्या मालिकेसारखी. त्यात राक्षसाची आई एकेका शब्दाला तीनदा मान वळवायची, आणि भाऊ दारात पोचला रे पोचला की बाणूबाई म्हणायची, "आता उद्या!" की रेणूनं उशी फेकून मारलीच म्हणून समजा.

एकदाच पोरीनं भुताची मागितली. बाणूबाईनं रंगात येऊन सांगितली. भाऊ दारात येतो, बहीण घोंगडी पांघरून पाठमोरी बसलेली, तो खांद्यावर हात ठेवतो आणि घोंगडी तशीच खाली बसते. आत कुणीच नाही. उशीर झालेला असतो. रेणू मायला घट्ट धरून बसली ती बसलीच. "ही पुन्हा नगं," ती म्हणाली, आणि ती गोष्ट पुन्हा त्या घरात निघाली नाही.

हुंकार द्यायचं काम रेणूच्या थोरल्या भावाचं, भीमाशंकरचं. सांगणाऱ्याला कुणीतरी "हूं" म्हणावंच लागतं, त्याशिवाय गोष्ट पुढं सरत नाही. पण गोष्टीतला भाऊ मेंढरामागं निघाला की हा गडी घोरायला लागायचा. भाऊ बहिणीच्या दारात पोचतो, हे त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नाही. तेव्हा सगळे यावर हसायचे.

रेणूचं लग्न झालं मादन हिप्परग्याच्या पलीकडं एका वस्तीवर. नवरा संगमेश्वर, चार माणसांत बोलायला गोड. भीमाशंकर तोवर लॉरीवर लागला होता, कलबुर्गीच्या मिलमधली तूरडाळ हैदराबादला पोचवायचा. रेणूच्या सासरी फोन एकच, आणि तो नेहमी स्पीकरवर. सासू शेजारीच बसलेली. "कशी हायस?" "बरी हाय." "जेवलीस?" "जेवले." माय-लेकीचं असं बोलणं असतं व्हय! कोरड्या भाकरीसारखं.

पुढं भाग्या झाली, भाग्यलक्ष्मी. तिला निजवताना रेणू फोन उशाशी ठेवून गोष्ट सांगू लागली. इकडून बाणूबाई हुंकार द्यायची. सासूला वाटायचं, लेकराला निजवायलीय, निजवू दे. पण हसायची गोष्ट आली की बाणूबाईला निवांत झोप लागायची. पोलिसाची आली की ती ओळखायची, आज संगमेश्वरनं हात उगारला. मालिकेतली आली की सासूनं छळलं. हे दोघींनी कधी ठरवलं नव्हतं, कधी बोलून दाखवलं नव्हतं. हळूहळू हसायच्या गोष्टी कमी झाल्या. बाणूबाई हुंकार देत राहिली. दुसरं काय करणार, लेकीचा संसार आहे, असं ती स्वतःला सांगायची आणि कूस बदलायची.

मग रात्रीचे फोन बंद झाले. आणि एका दुपारी, बाणूबाई अंगणात ज्वारी पाखडत बसली असताना, फोन वाजला. भीमाशंकर त्याच सकाळी डाळ भरून निघाला होता.

"भाग्याला निजवायले," रेणू म्हणाली. मागं सासूचं खोकणं ऐकू येत होतं. "एक होती पोरगी. तिचा भाऊ धागा धरत तिच्या दारात आला. ती घोंगडी पांघरून बसली होती. त्यानं खांद्याला हात लावला..."

बाणूबाईच्या हातातून सूप सुटलं. ही भुताची होती. ती तोंड उघडणार, तेवढ्यात डोक्यावरचं लख्ख ऊन तिच्या ध्यानात आलं, आणि रोडवरचा लेक.

"थांब!" ती ओरडली. "दिवसा गोष्ट सांगायलीस? भाग्याचा मामा लॉरीवर हाय गं!"

"माय, ऐक तर."

"रात्री सांग. रात्री सगळी ऐकते."

"रात्री फोन ते काढून घेतेत."

"मग अण्णा लॉरीवरनं घरी आल्यावर सांग," असं म्हणून बाणूबाईनं फोन ठेवला. स्वतःच्या हातानं ठेवला! वर देवाला हात जोडले, माझ्या लेकाला नीट वाटंला लाव म्हणून. लेकीसाठी जोडायचं त्या घडीला तिला सुचलं नाही.

भीमाशंकर सुखरूप घरी आला. तो घरात होता तेवढे दिवस फोन आला नाही. पुन्हा तो रोडवर गेला आणि पुन्हा दुपारचा फोन आला, पुन्हा तेच. "एक होती पोरगी..." "दिवसा नगं गं बाई!" भाऊ नेमका कधी घरात असतो, हे त्या पोरीला तिकडं कोण सांगणार होतं?

बाणूबाईनं लेकाला सांगितलं नाही असं नाही. जेवताना विषय काढला. "रेणू भुताची गोष्ट सांगायलीय. एकदा जाऊन ये."

भीमाशंकरला हसू फुटलं. "गोष्टीवरून कुणी सोयऱ्याच्या घरी जातेत व्हय? काय म्हणू मी तिच्या सासऱ्याला? तुमच्या सुनेनं भुताची सांगितली म्हणून आलो?"

"तसं न्हाई रे, तिला तरास हाय."

"कुणाला न्हाई? नांदायची तर थोडंफार असतंयच. आपण गेलो की उगं वाढतंय. दिवाळीला बघू."

आणि बाणूबाई गप्प बसली. शेजारणीच्या कोंबडीवरून गल्ली डोक्यावर घेणारी बाई, तिथं गप्प बसली. लेकाला आणखी एक भाकरी वाढली. एकटीनं बसमध्ये बसून जायला तिचे पाय कुणी बांधले होते? कुणीच नाही. पण भाऊ जातो तो मान, बाई एकटी गेली तर लोक काय म्हणतील, यातच तिचे दिवस गेले.

शेवटचा फोन आला तोही दुपारीच. या वेळी गोष्ट नव्हती, सासूचं खोकणंही नव्हतं. रेणू दबक्या आवाजात एवढंच म्हणाली, "माय, घोंगडी संपली."

"रात्री सांग," बाणूबाईच्या तोंडून निघून गेलं. सवयीनं. पलीकडून फोन कट झाला.

त्यानंतर रेणूच्या सासऱ्याचा फोन आला तो शिव्या देतच. तुमची पोरगी लेकरू घेऊन पळाली, तुमच्याच घरी असेल, आणून घाला. बाणूबाईला वेडीला आनंद झाला! म्हणजे पोर घरी यायलीय. तिनं चूल पेटवली, भाकरी थापल्या, रेणूला आवडते तशी शेंगाची चटणी कुटली, आणि दारात जाऊन बसली. हुमनाबादहून येणारी एकेक बस बघितली. रेणू त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही. पुढं चटणी खवट झाली तेव्हा तिनं ती उकिरड्यावर टाकली.

दिवाळी होऊन गेल्यावर गावातला एक जण सांगत आला, रेणू कलबुर्गीत दिसली, चन्नम्माच्या खानावळीत भाकरी थापते. मग मात्र भीमाशंकर लगेच निघाला. मायला सोबत घेतलं. वाट कशी अगदी तोंडपाठ! मिल तिथून हाकेच्या अंतरावर, कितीदा तरी त्या खानावळीवरून त्याची लॉरी गेली होती.

रेणू चुलीपुढं बसली होती. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची लकाकती कातडी. तिनं वर बघितलं, उठली, दोन ताटं घेतली, भाकरी, पुंडीची भाजी, कांदा वाढला आणि गिऱ्हाइकापुढं ठेवतात तशी त्यांच्यापुढं ठेवली. बाणूबाईनं ताट बाजूला सारलं.

"घरी कामून आली न्हाईस गं? मी वाट बघत बसले होते."

"मीबी बसले होते," रेणू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

"अगं, दिवसा सांगायलीस म्हणून मी भ्याले. अण्णा रोडवर..."

"अण्णा वाट चुकंल म्हणून." रेणूनं भावाकडं नीट बघितलं. "वाट चुकायला आधी वाटंला लागावं लागतंय, माय. ह्यो तर माझ्यासाठी घरातून हाललाच न्हाई."

भीमाशंकरनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. चन्नम्मानं आतून हाक मारली आणि रेणू पुन्हा चुलीपुढं जाऊन बसली. जाताना मागं न बघता म्हणाली, "जेवून जावा."

खानावळीच्या पायरीवर उन्हात भाग्या बसली होती, एका फाटक्या बाहुलीला मांडीवर घेऊन. बाणूबाई तिच्याजवळ जाऊन टेकली. पोर आजीला ओळखत होती ती फक्त आवाजावरून. "तू फोनमधली हूं आज्जी?" तिनं विचारलं. बाणूबाईनं मान हलवली. तिला रडू आवरत नव्हतं.

"गोष्ट सांगू?" भाग्या म्हणाली. "माय सांगती ती. हसायची न्हाई, भुताचीबी न्हाई. नवी हाय."

वर सूर्य तळपत होता. बाणूबाईच्या ओठांवर आलं, दिवसा नको बाळा. मागं भीमाशंकर येऊन उभा होता, हात न धुतलेला, पूर्ण जागा. तिनं ओठ मिटले.

"एक होती पोरगी," भाग्यानं सुरू केलं. "तिला माय न्हवती. भाऊ न्हवता."

भाग्या थांबून आजीच्या तोंडाकडं बघू लागली. गोष्ट पुढं सरेना.

"आज्जी, हूं म्हण की."

"हूं," बाणूबाई म्हणाली.

"तिच्याजवळ एक घोंगडी होती. तिनं आधी लई धागे बांधले झाडायला. कुणी आलंच न्हाई. मग तिनं काय केलं, सगळे धागे सोडून परत आणले आणि त्यांचा गोळा केला. आणि राक्षस झोपला की लेकराला पाठीला बांधून निघाली. एकटीच."

"आणि भाऊ?" भीमाशंकरनं घोगऱ्या आवाजात विचारलं. "भाऊ येतो न शेवटाला?"

"ह्या गोष्टीत भाऊ न्हाई," भाग्या वैतागून म्हणाली. "सांगितलं न एकदा? माय न्हाई, भाऊ न्हाई. मधी बोलू नगा." आणि आजीकडं वळून तिनं पुन्हा वाट बघितली.

आत चुलीपुढं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बाणूबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"हूं," ती म्हणाली.