जावयाचे दोन डबे आणि एक लायसन

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आमच्या मनीषाच्या नवऱ्यासमोर नको. तो बिचारा आधी माझ्याकडे बघून घाबरतो आणि मग हसतो.

जगात कुठल्या सासूने स्वतःच्या पायाने चौकीवर जाऊन जावयाची खबर दिली असेल? मी दिली. तीही दिवाळसणाला.

अठरा सालची गोष्ट. मनीषाचं लग्न उन्हाळ्यात झालेलं, जावई पहिल्या दिवाळीला तलासरीला आमच्याकडे. डोंबिवलीचा पोरगा. मी चार दिवस चकल्या तळतेय, आणि हा येताना तंबू घेऊन आला. म्हणतो, "आई, झरीला मामांच्या शेतात सगळे दोन रात्री राहू या. मोकळ्यावर."

मी म्हटलं, "जावईबापू, घर असताना आमच्यात माणूस शेतात झोपतो तो डुकरं हाकलायला."

पण पहिल्या दिवाळीला जावयाचा हट्ट मोडायचा कसा? बरं म्हटलं. तर त्याने पिशवीतून दोन काळे डबे काढले. वर शेपटीसारखी दांडी.

"हे वॉकीटॉकी, आई. झरीत मोबाइलला रेंज नसते ना, यावर बोलायचं. पाच किलोमीटर जातं."

असा डबा मी फक्त पोलिसाकडे बघितलेला.

"याचं लायसन आहे का?"

जावई हसला. "ऑनलाइन मागवलंय आई."

हसला म्हणजे नाही. एवढं मला कळतं.

तुम्ही म्हणाल, चौथी शिकलेल्या बाईला लायसनची काय पडलीय. अहो, कैनाडला माझ्या बापाकडे साधा गाण्यांचा रेडिओ होता, त्याचंसुद्धा लायसन असायचं. पोस्टात पुस्तक न्यायचं, पैसे भरायचे, शिक्का मारून आणायचा. एका वर्षी शिक्का राहिला तर बापाने रेडिओ भाताच्या कणगीत लपवला होता. नुसतं ऐकायला लायसन, तर बोलायला केवढं लागेल? तुम्हीच सांगा.

त्यात आमची तलासरी म्हणजे गुजरातची हद्द. नाक्यावर गाड्या उघडून बघतात. दिवाळसणाला आलेला जावई आत गेला, तर विहीणबाईंना काय तोंड दाखवू?

आमचे हे म्हणाले, "तू विचारायला जाऊ नको. तू विचारलंस की भांडण होतं." यांचं ऐकते कोण? दुसऱ्या दिवशी सगळे झरीला पुढे गेले, मी मसाला आणायचाय म्हणून मागे राहिले आणि थेट पोस्टात.

"रेडिओचं लायसन द्या."

खिडकीतला क्लार्क म्हणाला, "मावशी, ते मी जन्मलो नव्हतो तेव्हा बंद झालं."

"ऐकायचं नाही, बोलायच्या रेडिओचं."

"म्हणजे वॉकीटॉकी? ते पोलिसांना विचारा."

गेले चौकीवर. पण अक्कल वापरली बरं का. नाव घ्यायचंच नाही असं ठरवून गेले. हवालदाराला म्हटलं, "समजा, एखाद्याकडे बोलायचे दोन डबे असले, तर लायसन लागतं का?"

त्याने पेन खाली ठेवलं. "कोणाकडे आहेत?"

"कोणाकडे नाहीत. समजा म्हटलं ना."

"आणि आहेत कुठे?"

"झरीला."

"झरीला कोणाकडे?"

"हे बघा, माझा जावई तसला माणूस नाही. चांगल्या नोकरीला आहे. माझ्या भावाच्या शेतात ओहळाशेजारी निळा तंबू ठोकलाय, कोणालाही विचारा."

"बरं," हवालदार म्हणाला, "साहेबांशी बोलतो."

घ्या. नाव तेवढं घेतलं नाही मी. तंबूचा रंगसुद्धा सांगून आले.

रिक्षा भरेपर्यंत तास गेला. झरीला पोचले तर जावई एक डबा घेऊन टेकाडापलीकडे ओहळाच्या वळणावर खेकडे धरायला गेलेला. दुसरा डबा चुलीपाशी मनीषाकडे. मी तिला सांगायला तोंड उघडतेय, तोच बांधावर मोटरसायकल. हवालदार.

मी मनीषाच्या हातातला डबा ओढला, तंबूमागे गेले आणि बटण गच्च दाबलं. "जावईबापू, पोलीस आलाय. डबा पाण्यात टाका. ऐकू येतंय का? हो म्हणा. अहो, नुसतं हो म्हणा ना. मुके झालात का?"

पलीकडून चकार शब्द नाही. पाच किलोमीटर म्हणे. एक टेकाड ओलांडेना.

मग काय, डबा तिथेच टाकला, टेकाडावर चढले आणि पोटातून हाक मारली, "जावईबापूऽऽ, पोलीस आलायऽऽ, डबा बुडवाऽऽ"

खालून डुबुक असा आवाज आला. जावई आज्ञाधारक आहे हो, त्यात वाद नाही.

मागे वळते तर हवालदार उभा. "बाई, काय बुडवलं?"

"खेकडे," मी म्हटलं.

तो तंबूमागे उतरला, मी मागोमाग. खाली पडलेला डबा उचलून त्याने मागचं बारीक अक्षर वाचलं. म्हणाला, "साहेब म्हणाले, मोठ्या सेटांना लायसन लागतं. हे असले कमी ताकदीचे असतील तर नाही लागत. माझा घरचा रस्ता हाच. तुम्ही फार काळजीत दिसलात, म्हटलं सांगून जावं." चहा प्यायला आणि गेला.

तेवढ्यात जावई वर आला. कमरेपर्यंत भिजलेला, हातात डबा. डब्यातून पाणी गळतंय. दाबून बघितला, हलवून बघितला, चुलीशी धरून बघितला. गेला तो गेलाच. सासूने दिवाळसणाला जावयाला वस्तू द्यायची असते. मी त्याची बुडवली.

पण मी कशी गप्प बसेन? म्हटलं, "एवढी विचारत होते, डब्यावर उत्तर का नाही दिलंत?"

"आई, सगळं ऐकू येत होतं. खरंच बुडवू का विचारायचं होतं, पण तुम्ही बटण सोडतच नव्हता. ते सोडल्याशिवाय समोरच्याला बोलता येत नाही."

आमचे हे तंबूत तोंड घालून खोकायला लागले.

निघायच्या दिवशी मी म्हटलं, "जावईबापू, मी नवी जोडी घेऊन देते."

त्याने चालू असलेला डबा माझ्या हातात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. "नको आई. हा तुम्हीच ठेवा. तुम्हाला दुसरा लागतच नाही."