जिताड्याच्या पिल्लांना आईचं पाणी

नव्वदच्या दशकात कॉलेज संपलं आणि समुद्रकाठच्या पाली गावाजवळच्या एका शेडमध्ये मला पहिली नोकरी लागली. तिथे जिताडा या खाडीतल्या माशाची पिल्लं वाढवत. आम्ही राहायचो त्या शांती नगरात कुणी विचारलं तर आई नुसतं "लॅबमध्ये आहे" म्हणायची. मासे म्हटलं की प्रश्न वाढत, आणि मला प्रश्न नको असत.

आधीची सगळी पिल्लं विषाणूने गेली होती. ती टाकीत गरगर फिरायची आणि उलटी होऊन तरंगायची. त्यावर औषध नव्हतं. शेड चालवणाऱ्या सरांनी नवी पिल्लं आणली तेव्हाच सांगितलं, हीसुद्धा गेली तर शेड बंद. मला ती शेड आवडू लागली होती. तिथे फार बोलावं लागत नसे.

टाक्या धुणाऱ्या मावशी पालीतल्याच. "बाय, तुजा आवाज पिल्लांना तरी ऐकू येतो का?" म्हणून चिडवायच्या.

एका रविवारी त्या चर्चमधून थेट आल्या, चांगलं लुगडं नेसून. हातात बालदी, आत भावाच्या जाळ्यात सापडलेला जिवंत जिताडा. नियमाप्रमाणे त्यांनी हातपाय औषधाच्या पाण्यात नीट बुडवले, आणि बालदीतलं पाणी तांब्यात घेऊन टाकीशी गेल्या.

"गाळलेल्या पान्यावर बिनआईची पोरं कशी तगतील? आईच्या अंगचं पानी पाजते दोन घोट."

"मावशी, नको!"

माझा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. तांब्या टाकीच्या काठावरच थांबला.

"काय झालं गो?"

"मोठ्या माशाच्या अंगात तो आजार असला तरी त्याला काही होत नाही. पण पाण्यातून पिल्लांना लागला तर ती मरतात. लहान आहेत ना."

मावशींनी तांब्याकडे पाहिलं. "म्हंजे सर्दीवाल्याला आमी तान्ह्या बाळाजवळ येऊ देत न्हाय, तसंच?"

"तसंच."

"मग एवढं ओरडायचं कशाला? आन ओरडता येतं, तर आजवर मुकी का व्हतीस?"

मला हसू आलं. मावशींनी तांब्या आणि बालदी बाहेर नेली आणि न सांगता पुन्हा हात धुतले. दुपारी त्यांच्या घरून त्याच जिताड्याचं कालवण आलं. आम्ही शेडबाहेर पायरीवर बसून जेवलो. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला, जे मी परक्या ठिकाणी कधी करत नसे.

त्यानंतरचे काही आठवडे सकाळी मी धावतच शेडमध्ये शिरायचे. आधी पाण्यावर काही तरंगतंय का ते बघायचे. काही नसायचं. पिल्लं बोटाएवढी झाली, मी जवळ गेले की खाण्यासाठी काठाशी गोळा व्हायची.

सर म्हणाले, आता ही मोठी झालीत, तो आजार लागला तरी तगतील. पिल्लं बाहेरच्या तळ्यात सोडली, आणि भरतीला तळ्याचं दार उघडून खाडीचं पाणी आत घेतलं. मावशी बांधावर उकिडव्या बसल्या होत्या.

"घ्या," त्या तळ्याकडे बघून म्हणाल्या, "प्या आता आईचं पानी. हिनं परवानगी दिली हाय."