हवेतले चेंडू

त्या वर्षी पहिल्या तीन सामन्यांत आम्ही अकरा गोल खाल्ले, आणि त्यातले नऊ डोक्याने मारलेले. हिशेब ड्रायव्हरकाकांचा. मला मोजायचं सुचलं नव्हतं, कारण मी प्रत्येक वेळी जाळीतून चेंडू काढत होते.

आमचा संघ हॉस्पिटलात काम करणाऱ्या बायकांचा. नर्सा, लॅबवाल्या, औषधखिडकीवरची एक, स्वयंपाकघरातल्या दोघी, आणि गोलमध्ये मी. एरवी मी केसपेपरच्या खिडकीवर बसते. नाव, वय, पत्ता, कुठे दुखतंय. उंची पाच फूट एक इंच. काका मला ‘गोळी’ म्हणायचे, गोलकीपर म्हणून आणि आकारावरूनही. ते अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचे. तरुणपणी क्लबकडून खेळले होते, म्हणून आमचे कोच झाले. शहरातल्या ऑफिसांच्या महिला संघांची ही स्पर्धा, सामने शनिवारी सकाळी.

आदल्या वर्षी आमच्या बचावात मधोमध दोन उंच बायका होत्या, ऑपरेशन थिएटरची सिस्टर आणि एक्स-रेवाली. सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि एक्स-रेवालीला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली. मग उरलो आम्ही. समोरच्यांना हे कळायला पंधरा मिनिटंसुद्धा लागायची नाहीत. कॉर्नर मिळाला की चेंडू उंच टाकायचा, की त्यांची एखादी धिप्पाड बाई येऊन तो आरामात आत ढकलायची. आमच्याही पोरी उड्या मारायच्या, नाही असं नाही. पण ती उडी म्हणजे वरच्या फळीवरचा डबा काढायला मारतात तशी. बोटं लागतात, डबा काही खाली येत नाही.

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” काका म्हणायचे, आणि तरी शोधत राहायचे. त्यांना नादच लागला. व्हरांड्यात कोणी बाई समोरून आली की त्यांची नजर तिच्या डोक्यावरून मागच्या दाराच्या चौकटीवर जायची. एकदा त्यांनी वॉर्डाबाहेर बसलेल्या एका बाईंना विचारलं, “ताई, उंची किती हो तुमची?” तेवढ्यात आतून त्यांचा नवरा आला. त्यानंतर काकांनी हे काम माझ्यावर सोपवलं.

मला ती सापडली तळघरात. खरं तर सापडली म्हणणंही चूकच, चार वर्षं ती तिथेच होती. कोणाची तरी जुनी फाईल हवी होती म्हणून मी रेकॉर्ड रूममध्ये गेले. छतापर्यंत लोखंडी फळ्या, फळ्यांवर सुतळीने बांधलेले गठ्ठे. तिथली शिडी मोडून दोन वर्षं झाली होती आणि कोणी नवी मागितली नव्हती, कारण ही होती. तिने माझ्या हातातला नंबर वाचला, हात वर केला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून गठ्ठा खाली घेतला. टाचाही उचलल्या नाहीत.

पाच फूट दहा. खांदे पुढे झुकलेले, जणू सतत कोणत्या तरी बुटक्या दारातून चाललीय. तळघरातले लोक तिला मागून ‘शिडी’ म्हणायचे. वय अडतीस. लग्नाची बोलणी झाली होती तरुणपणी, पण मुलगे तिच्या खांद्याला लागायचे, आणि उंचांची अक्कल गुडघ्यात असते ही जुनी चेष्टा कोणी ना कोणी करायचंच. मग आई अंथरुणाला खिळली आणि तो विषय संपला.

मी विचारलं, “ताई, फुटबॉल खेळाल?”

ती म्हणाली, “बरं.”

मी पुढची चार वाक्यं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. कधी, कुठे, मला येत नाही, लोक काय म्हणतील, यातलं तिने काहीच विचारलं नाही. फाईल माझ्या हातात दिली, वहीत सही घेतली.

चार महिन्यांपूर्वी तिची आई वारली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ती रडली नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. सहा वर्षं एकटीने केलं तिने आईचं, आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर. स्वयंपाकघरातल्या एकीने म्हटलंसुद्धा, “दगडाचं काळीज बाई.” आई आमच्याच हॉस्पिटलात गेली, त्यामुळे तिची फाईलही शेवटी खाली रेकॉर्डलाच आली. ती हिनेच लावली. पुढे कधीतरी मी न राहवून विचारलं होतं, “कुठे लावली?”

“वर्षाप्रमाणे लागते,” ती म्हणाली. “मधल्या फळीवर.”

तिच्या मापाचे बूट बायकांच्या दुकानात मिळेनात. काकांनी त्यांच्या ओळखीच्या एका खेळाडूचे जुने आणले, आणि मी ते द्यायला दुपारच्या सुट्टीत तिच्या घरी गेले, कारण सुट्टीत ती कधीच हॉस्पिटलात नसायची. मागच्या फाटकातून दहा मिनिटांवर दोन खोल्या. तिने दार उघडलं. आतल्या खोलीत पलंग तसाच होता, त्यावर अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून वापरतात ती हवेची गादी, आणि पलंगाखाली तिचा छोटा पंप चालू. बारीक घरघर. गादीचे पट्टे आळीपाळीने फुगत होते, बसत होते. वर कोणी नव्हतं.

“रोज येता घरी?” मी विचारलं.

“दीडला कूस बदलायची असते.”

“अजून?”

“आता नाही. पण येते.” तिने बूट घातले, उभी राहिली, दोन पावलं टाकली. “होतात,” म्हणाली. ती खुर्चीवर बसली, मी उंबऱ्यात. दोन वाजले तसं आम्ही दोघी परत निघालो.

सराव सुरू झाला. काका हाताने चेंडू वर टाकायचे आणि तिने तो कपाळाने मारायचा. नवख्या बायका शेवटच्या क्षणी डोळे मिटतात, मान चोरतात, मग चेंडू नाकावर बसतो. ती डोळे मिटायची नाही. चेंडू चुकून तोंडावर आपटला तरी तशीच उभी, पुढच्याची वाट बघत. काका हरखले. “वाघीण आहे वाघीण! भीती म्हणून नाही!”

मला ते भीती नसणं वाटेना. एकदा तिचा ओठ फुटला आणि रक्त हनुवटीवर आलं तरी तिला पत्ता नव्हता. मी रुमाल दिला.

“दुखत नाही का गं?” तोवर मी अगंतुगंवर आले होते.

“चेंडू लागला की आवाज येतो,” ती म्हणाली. “दुखलं का ते घरी गेल्यावर बघते.”

तिच्या पहिल्या सामन्यात तिच्या बाजूला आलेला प्रत्येक उंच चेंडू तिने परत पाठवला. आम्ही तरी हरलो. कारण विरोधी संघाने मध्यंतरानंतर चेंडू दुसऱ्या बाजूला टाकायला सुरुवात केली, आणि तिकडे होती लॅबमधली, माझ्याहून दोन बोटं उंच. उंच बचाव म्हणजे दोन खांब लागतात. एका खांबावर मांडव उभा राहत नाही.

दुसरी उंच बाई काही मिळणार नव्हती. काकांनी मग दुसरीच तोड काढली. लॅबवालीला सांगितलं, “तू उडी मारूच नकोस. त्यांची जी उडणार आहे, तिच्या पुढ्यात पाय रोवून राहा, तिला उडायला जागा देऊ नकोस.” आणि मला सांगितलं, “गोळी, तू दारात बसून पाहुण्यांची वाट बघतेस. बाहेर ये. चेंडू हवेत असतानाच ठोसा मार.”

बाहेर येणं म्हणजे दहा अंगांच्या गर्दीत घुसणं. त्यासाठी एकच नियम. जिचा चेंडू तिने ओरडायचं, “माझा!” म्हणजे दुसरी थांबते. मी ओरडायचे. लॅबवाली ओरडायची. ताई ओरडायची नाही.

“अहो ताई, आवाज!” काका बाजूच्या रेषेवरून घसा फोडायचे. “एवढ्या उंचीत आवाजाला कुठेच जागा नाही ठेवली का?”

ती मान हलवायची. पुढच्या चेंडूला पुन्हा गप्प.

व्हायचं तेच झालं. पाचव्या सामन्यात कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर मी धावले, तीही धावली, आणि तिचं कोपर माझ्या बरगड्यांत बसलं. मी खाली पडले. श्वास आतही जाईना, बाहेरही येईना. आजूबाजूला सगळ्या नर्सा, पण सगळ्या एकदम बोलत होत्या. ती मात्र गुडघ्यावर बसली, एक हात माझ्या मानेखाली, एक कमरेखाली. “तू काही करू नकोस,” म्हणाली. “सगळं अंग सोडून दे.” आणि मला कुशीवर वळवलं. इतकं सहज मला आयुष्यात कोणी हलवलेलं नाही. कपडा बदलावा तशी बाजू बदलली माझी. श्वास आला.

एक्स-रेच्या बाहेर बाकावर ती माझ्याशेजारी बसून राहिली. हाड शाबूत होतं, मुका मार.

“ओरडायला हवं होतं मी,” ती म्हणाली.

“होतं खरं.”

“तोंड उघडलं होतं.”

“मग?”

“काही आलं नाही.” थोड्या वेळाने म्हणाली, “आई झोपलेली असायची ना. मोठ्याने बोलायची सवयच गेली.”

मी हे काकांना सांगितलं. ते बराच वेळ अ‍ॅम्ब्युलन्सची काच पुसत राहिले. मग म्हणाले, “आवाज नसेल येत तर राहू दे. हात तर वर जातो तिचा? तिचा चेंडू असला की डावा हात वर. नसला की खाली. एवढं तुला मागून दिसेल ना?”

दिसायचं. तो हात मैदानात कुठूनही दिसायचा. तीन आठवड्यांनी मी गोलमध्ये परत आले तेव्हा हे आमच्या अंगवळणी पडलं. हात वर, मी जागेवर. हात खाली, मी बाहेर. पुढच्या पाच सामन्यांत डोक्याने एकच गोल झाला, आणि त्यात चूक माझी होती.

त्याच सुमारास तिचा भाऊ आला. माझ्याच खिडकीवर येऊन त्याने रेकॉर्ड रूम विचारली. मी ताईला खाली निरोप पाठवला, ती वर आली, आणि ते दोघं माझ्या खिडकीसमोरच उभे राहून बोलले. भाऊही उंच, पण ताठ.

“इथे एकटी काय करणार तू?” तो म्हणाला. “आमच्याकडे चल. वहिनीलाही हाताखाली कोणीतरी होईल.”

“बरं, दादा.”

“घर सोडून देऊ या. महिनाअखेरीला मी गाडी घेऊन येतो.”

“बरं.”

“आणि तो पंप मी बंद केला. घरात शिरलो तर चालूच! कोणासाठी गं?”

तो गेला. ती तिथेच उभी होती. माझ्यासमोर रांग होती. मी एका आजोबांचं वय लिहीत होते, आणि मान वर केली तर ती नव्हती. खिडकीतून फाटक दिसतं. ती भावाच्या मागे चालत गेली होती. धावली नाही, पण पावलं लांब. फाटकापाशी दोघं थांबले. तो बोलत होता, हात हलवत होता. ती खाली बघत होती. मग तिने काहीतरी म्हटलं आणि तो हसला.

संध्याकाळी सरावाला मी विचारलं, “जाणार मग?”

“नाही. सांगितलं दादाला, नाही जमणार.”

“कारण काय सांगितलंस?”

“मागे दुसरं कोणी उंच नाही म्हणून.”

“आणि तो हसला?”

“त्याला वाटलं थट्टा करतेय. मग नुसता बघत राहिला.” तिने बुटाची नाडी बांधली. “घरी आता आवाज नाही,” म्हणाली. “जेवण खालीच आणेन उद्यापासून.”

आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. तिथे शून्य-एक हरलो. तोही गोल हवेतून नाही, जमिनीवरून सरपटत, सात जणींच्या पायांमधून आला. मला दिसला तेव्हा उशीर झाला होता. शिट्टी वाजल्यावर लॅबवाली गवतावर पालथी पडून रडली, तिला बघून औषधखिडकीवाली, मग सगळ्याच. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. ताई कोपऱ्यांतले झेंडे गोळा करत होती, चारही. मी मदतीला गेले.

“तुला वाईट नाही वाटलं?”

तिने जरा विचार केला. “वाटेल,” म्हणाली. “मला उशिरा वाटतं.”

झेंडे गाडीत ठेवले.

काका आता रिटायर झालेत, पण शनिवारी येतातच. यंदा बालरोग विभागात एक नवी सिस्टर आलीय, पाच फूट नऊ, आणि चेंडू म्हणजे साप असावा तशी घाबरते. ताई तिला शिकवते. शिकवणं म्हणजे चेंडू वर टाकते आणि “उघडे ठेव” एवढंच म्हणते, डोळ्यांबद्दल. पोरगी अजून मान चोरते, पण पळून जात नाही. परवा पहिल्यांदा दोघी एकत्र खेळल्या. कॉर्नर मिळाला समोरच्यांना, आणि त्या दोघी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लावून. मला समोर फक्त दोन पाठी. चेंडू कुठे, मारणारी कुठे, काही पत्ता नाही.

“सरका गं जरा!” मी मागून ओरडले. “भिंत बांधलीय की काय? काही दिसत नाही मला!”

नवी दचकून मागे बघायला लागली. ताईने तिला दंडाला धरून दोन पावलं डावीकडे नेलं, आणि दोघी परत समोर बघत उभ्या राहिल्या.