सर्जेरावमामांची एका सीटची गाडी

उचगावच्या सर्जेरावमामांनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगतो, गाडीचं मग. त्यांचं गाड्यांची बॉडी बांधायचं वर्कशॉप. मी गडचिरोलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. गाड्यांच्या चित्रांची गुंडाळी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो, तर नावगाव राहिलं बाजूला, पहिला प्रश्न आला, "जेवलास काय?"

मी हो म्हणालो.

"खोटं बोलतंय," म्हणत त्यांनी आपला डबा माझ्यापुढं सरकवला.

दूधडेअरीच्या एका मालकांच्या मुलाला, विक्रमदादांना, जगात एकच असेल अशी स्पोर्ट्स कार प्रदर्शनात ठेवायची होती. माझं चित्र त्यांनी पसंत केलं. पाण्याच्या थेंबासारखी बॉडी, वर उघडणारं काचेचं झाकण आणि आत एकच सीट. ते सीट मामांना काही केल्या पचेना.

"दुसरं सीट कुठाय रं?"

"नाही मामा. दुसरं टाकलं की आकार बिघडतो."

"मग पावणं आलं तर टपावर बसवायचं व्हय? टपबी असला गुळगुळीत, घसरून पडत्याल की!"

फायबर घासताना रोज हेच. चहाला येईल त्याला सांगायचे, "ही बघा भांडून निघालेल्या माणसाची गाडी." पण माझ्या चित्रातली एक रेघसुद्धा त्यांनी हलू दिली नाही.

गाडी तयार झाली आणि विक्रमदादांचे वडील, थोरले मालक, बघायला आले. भोवती फिरले, आत डोकावले. "आणि मी कुठं बसू?"

विक्रमदादांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं काढलंय, आबा. शिकलेला माणूस घ्यायला पायजे होता."

मी गावाकडं जाणारी गाडी कधी असते, तेच आठवू लागलो.

तोवर मामा गरजले, "बसायला तुमच्याकडं जीपगाड्या हाईत की, मालक! ही बघायची गाडी हाय. दुसरं सीट टाकलं की आकार बिघडतोय!"

माझंच वाक्य, माझ्या तिप्पट आवाजात.

मालक हट्टानं आत शिरले, आडवे झाले, झाकण लावून घेतलं. बराच वेळ हालचाल नाही. शेवटी मी आणि मामांनी एकेक हात धरून त्यांना उपसून काढलं. घामानं निथळत होते, पण चेहरा खुललेला.

"आत कुणाचंच काय ऐकू येत न्हाय! ऱ्हाऊ दे एकच सीट."

सगळे गेल्यावर मामा मला म्हणाले, "तरीबी दुसरं सीट पायजेच होतं."

हल्ली ते आपल्या स्कूटरला पत्र्याचं छप्पर बसवतायत. मागं दोन पंखही आहेत. मला ते बघवत नाही. पण एक ना एक दिवस चारचौघांत कुणीतरी त्याला हसेल. त्या दिवशी मी त्या छपराची बाजू घेणार आहे, अगदी ओरडून.