तळाच्या विषयांचे भोयेसाहेब

भोयेसाहेबांची माझी पहिली भेट विधिमंडळात, सभागृहाच्या कामकाज शाखेत झाली. दुसऱ्या दिवशी सभागृहात कोणता विषय केव्हा यायचा, याची कार्यक्रमपत्रिका आमची शाखा तयार करी. मी नवी होते. तळाचे विषय केव्हा घेतात, असं मी भाबडेपणानं विचारलं. "वेळ उरला तर," साहेब म्हणाले, "आणि वेळ उरत नसतो, मॅडम."

साहेब मूळचे मोखाड्याच्या आदिवासी भागातल्या पोशेऱ्याचे. तळाला राहणं म्हणजे काय, हे त्यांना शिकवायला नको होतं. शाखाप्रमुख असताना ते कुणाच्या दबावाला बधले नाहीत. मंत्र्यांचा फोन आला, तरी "नियमात बसत असेल तर नक्की" एवढंच बोलत. हाताखालच्या माणसांवर मात्र जीव. माझी आई रुग्णालयात होती, त्या अधिवेशनात माझं सगळं काम त्यांनी ओढलं. वर स्वतःच्या डब्यातली नागलीची भाकरी पुढे सरकवून "शहरी पोटाला झेपते का बघा" म्हणून चिडवलंही.

त्यांच्या निवृत्तीआधीच्या अधिवेशनाबद्दल लिहिलं नाही, तर हा एकसष्टीचा गौरव खोटा ठरेल. मोखाड्यातल्या कितीतरी पाड्यांना रस्ता नाही, आजाऱ्याला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो. त्यावरची चर्चा अधिवेशनामागून अधिवेशन तळाला पडून होती. साहेब दर वेळी टिपण घेऊन विषयांचा क्रम ठरवणाऱ्या सल्लागार समितीपुढे जात. अखेर समितीनं तिला शेवटच्या दिवशी पहिला क्रमांक दिला, तेव्हा साहेबांनी शाखेत पेढे वाटले. चर्चा ऐकायला खोडाळ्याजवळच्या पाड्यावरून सोनीबाई आल्या, प्रेक्षक सज्जात बसल्या. त्यांचं तान्हं बाळ झोळीतच गेलं होतं.

नेमकी त्याच सकाळी एका विद्यमान सदस्यांच्या निधनाची बातमी आली. प्रथेप्रमाणे शोकप्रस्ताव मांडला गेला, त्यावर भाषणं झाली, सगळं सभागृह स्तब्ध उभं राहिलं आणि कामकाज दिवसभरासाठी तहकूब झालं. अधिवेशनही तिथंच संपलं. चर्चा बारगळली.

भाषणांतलं पुस्तकी मराठी सोनीबाईंना उमगलं नव्हतं. सज्जाच्या दाराशी डोळे पुसत त्यांनी साहेबांना विचारलं, "दादा, माझे पोरासाठी येवढी मोठी माणसां उभी राहली ना?"

साहेब जन्मभर नियमाला धरून बोलत आलेले. ते म्हणाले, "हां बाय, राहली."

मग शाखेत येऊन ते खुर्चीत बसले आणि रडले. आम्हीही रडलो.

आता साहेब पोशेऱ्यालाच असतात. सोनीबाई पाड्यावर ती हकिकत अजून अभिमानानं सांगतात, आणि साहेब ऐकून घेतात. रस्ता झालेला नाही. साहेब नव्या नव्या सदस्यांना गाठून तोच विषय पुन्हा मांडायला सांगतात. मला आशा उरलेली नाही, हे मी स्पष्टच लिहिते.

एकसष्टीला शतायुषी व्हा म्हणतात. मी साहेबांसाठी धडधाकट प्रकृती आणि शंभराहून जास्त वर्षांचं आयुष्य मागते. सोनीबाईंच्या बाळासाठी सभागृह खरोखर उभं राहील तेव्हा साहेब सज्जात असावेत, आणि विषय अजून तळालाच आहे.